विंचू चावला तेव्हा किती वाजले होते?

(महाड येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विषय सांगितला : ऑनलाइन शिकणाऱ्या पदव्युत्तर डॉक्टरांनी अभ्यासाची आणि संशोधनाची पायाभूत कौशल्यं कशी कमवावीत. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते अदबीनं म्हणाले, "सर, आमचे श्रोते म्हणजे निवृत्त शिक्षक, शेतकरी, एमआयडीसीतून सुटून थेट येणारी मंडळी. जरा हलका विषय घेतला तर?" मी म्हटलं, विंचवावर बोलतो. ते खूश झाले. मी विषय बदललेला नाही, हे त्यांना आता हळूहळू कळेल.

तुम्हाला विंचू मी काय सांगावा? पेंढा काढताना, जळणाच्या मोळीत हात घालताना, अंधारात चपलेत पाय सरकवताना घडलेली एक तरी गोष्ट इथल्या प्रत्येक घरात असते. मी घाटावरचा माणूस. विंचवाची माझी ओळख आधी नाथांच्या भारुडातून झाली, आणि पुढे वैद्यकाच्या पुस्तकात अर्ध्या पानाची.

आधी एक कबुली देतो, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. माझा एम.डी.चा प्रबंध. विषय मार्गदर्शकांनी दिला. तोच आदल्या बॅचच्या विद्यार्थ्याला दिलेला होता, मी नुसतं गाव बदललं. रुग्ण शंभर, कारण शंभराचे टक्के काढायला सोपे. सांख्यिकीवाल्यांकडे कागद नेले, त्यांनी कुठल्या आकड्यावर तारा काढायचा तेवढं सांगितलं. हिरव्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं. परीक्षा झाली त्या दिवसापासून मी तो उघडला नव्हता. सेवानिवृत्तीच्या आवराआवरीत हाती आला म्हणून चाळला. 'त्रास सुरू झाल्याची वेळ' असा एक रकाना मी मोठ्या हौसेनं आखलेला होता. त्यात शंभरातल्या बहुतेकांपुढे एकच शब्द : 'सकाळी'. जगातले सगळे आजार सकाळी सुरू होतात असा माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष निघायला हरकत नव्हती. तो कुणी काढला नाही, कारण तो कुणी वाचलाच नाही.

आता महाडकडे येऊ. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरला एम.बी.बी.एस. झालेले. हिंमतराव बावस्कर हे नाव तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातल्या कित्येकांची नाडी त्यांनी पाहिलेली असेल. मध्यंतरी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम.डी. होऊन ते पुन्हा याच भागात आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला आज ना पद्मश्रीवर बोलायचं आहे, ना त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनावर. मला त्यांच्या केसपेपरवर बोलायचं आहे.

त्या काळी लाल विंचू चावलेली माणसं दगावत. मुलं तर फारच. संध्याकाळी चावलं, रात्री उलट्या, मग दम लागे, तोंडाला लालसर फेस येई, आणि पहाटेपर्यंत खेळ संपलेला असे. पुस्तकात उपाय होते : अ‍ॅट्रोपीन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं, गुंगीची औषधं. ते सगळे उपाय होत आणि माणूस जाई. अशा वेळी बहुतेक डॉक्टर काय करतात? मी काय केलं असतं ते सांगतो. 'विषच जहाल' असं म्हणून मृत्यूचा दाखला लिहिला असता आणि मनाला लावून न घेता झोपलो असतो.

बावस्कर खाटेजवळ बसले. दर थोड्या वेळानं नाडी, रक्तदाब, श्वास. घाम आहे की नाही, लाळ गळते का, उलट्या किती, हातपाय गार की गरम. हे सगळं वेळेसकट. आरोग्य केंद्रात याहून जास्त मोजायला असतं तरी काय? पण असं नोंदत गेल्यावर एक गोष्ट वर आली. जो रुग्ण आगीनं तळमळत, आरडाओरडा करत येई, तो बहुधा वाचे. ज्याला दरदरून घाम सुटलाय, उलट्या होताहेत, लाळ गळतेय, मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंग ताठरलंय आणि हातपाय बर्फासारखे गार पडलेत, त्याचं हृदय पुढच्या काही तासांत अडचणीत येई. म्हणजे बोंब कुणाची मोठी याला महत्त्व नव्हतं, महत्त्व घामाला होतं. (नाथांच्या भारुडातही विंचू चावल्यावर अंगाला घाम येतो. चारशे वर्षं आपण ते टाळ्या पिटत ऐकत आलो. लक्षण म्हणून कुणी वहीत उतरवलं नाही.) हृदयाच्या धोक्याची ही आगाऊ लक्षणं सांगणारा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. लॅन्सेट लंडनहून निघतं. निरीक्षण महाड तालुक्यातलं होतं.

मग कारण. या विंचवाचं विष मज्जातंतूंच्या पडद्यातली सोडियमची दारं उघडी धरून ठेवतं. तंतू सारखे पेटत राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं, आणि फुप्फुसात पाणी भरतं. एवढं चित्र जुळलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो : नळ्या सैल करणारं काही दिलं तर? आधी नायट्रोप्रुसाइडचं सलाइन वापरून पाहिलं गेलं, पण त्यात थेंबाथेंबावर डोळा ठेवावा लागतो. मग प्राझोसिन, रक्तदाबावरची साधी गोळी. १९८६ साली हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांच्या नावानं त्याची नोंद पुन्हा लॅन्सेटमध्ये आली. त्याच सुमारास मुंबईत के. राधाकृष्ण मूर्ती त्याच विषावर इन्शुलिनच्या अंगानं काम करत होते. एकाच प्रश्नाला दोन माणसं दोन दारांनी भिडतात, त्यात वावगं काही नाही. पूर्वी फुप्फुसात पाणी भरण्यापर्यंत पोचलेल्यांतले चौथाई ते तिसरा हिस्सा जात; नव्या उपचारांनी तो आकडा शेकड्यात थोडक्यांवर आला.

या उपचारातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. प्राझोसिन मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, लहान मुलाला त्याच्या निम्मं. रुग्णाला आडवं ठेवायचं, कारण उभं केलं तर रक्तदाब एकदम खाली येतो. आणि दर तीन तासांनी पुन्हा द्यायचं. कधीपर्यंत? हातपाय गरम होईपर्यंत. या मोजमापाला यंत्र लागत नाही. परिचारिकेनं हाताची पालथी बाजू पोराच्या तळपायाला लावायची. संशोधनाच्या भाषेत याला 'एंडपॉइंट' म्हणतात, आणि माझे विद्यार्थी एंडपॉइंट शोधायला सॉफ्टवेअर उघडतात.

इथे मला मांत्रिकाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, आणि ते तुमच्या अपेक्षेपेक्षा बरे असतील. विंचू उतरवणारा मांत्रिक सहसा लबाड नसे. तो खरोखरच सांगे की माझ्याकडे आलेल्यांतले बहुतेक बरे झाले. खरंच होत! कारण विंचू चावलेल्यांतले बहुतेक काहीही न करता बरे होतात. रात्रभर ठणकतं आणि सकाळी माणूस कामाला लागतो. मंत्र टाकला तरी तेच, न टाकला तरी तेच. जे गेले ते एकतर घरीच गेले किंवा सरकारी दवाखान्यात जाऊन गेले, म्हणजे दवाखान्याच्या खात्यावर पडले. मांत्रिकाला भाजक माहीत नव्हता आणि तुलनेचा गट नव्हता. एरवी त्याची केस-सिरीज मोठी होती. हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. हसून झालं की विचारतो, तुमच्या प्रबंधात तुलनेचा गट आहे का? मग वर्ग शांत होतो. ऑनलाइन वर्ग शांत झालेला कळत नाही म्हणा. तो आधीपासूनच म्यूटवर असतो.

अलीकडे सोय पुष्कळ झाली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. चांगला आहे, मी स्वतः पाहिला. प्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, संमती कशी घ्यावी, सगळं त्यात आहे. विद्यार्थी तो पावणेदोन पट वेगानं ऐकतात, त्याला अभ्यासक्रमाचा इलाज नाही. १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेत सरकारी संस्थांना तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं खुली झाली आहेत. खेड्यात खासगी दवाखाना चालवणाऱ्याला त्यात जागा नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी व्यासपीठ मिळेल तिथे करतो.

पण दार उघडं असलं तरी काय मागायचं ते माहीत हवं. माझ्या वर्गाला मी एक काम देतो : कोकणातल्या विंचूदंशावरचं जुनं वाङ्मय शोधून आणा. मुलं पब्मेडवर लाल विंचवाचं शास्त्रीय नाव टाकतात आणि दहा मिनिटांत परत येतात. त्यांना मी विचारतो, कुठलं नाव टाकलं? आज प्राणिशास्त्रज्ञ त्याला 'हॉटेनटॉटा टॅम्युलस' म्हणतात. बावस्करांच्या बऱ्याच लेखांत तो 'मेसोब्युथस' आहे. त्याच्याही आधी नुसता 'ब्युथस'. विंचू तोच, दगडाखाली बसलेला. आडनाव तेवढं दोनदा बदललं. एकच नाव टाकलंत तर काही दशकांचं काम हातचं गेलं. फुप्फुसात पाणी होण्याला जो शब्द आहे त्याची सुरुवात विलायती स्पेलिंगात 'ओ'नं होते, अमेरिकन स्पेलिंगात 'ई'नं. आणि सगळ्यात मजेची अडचण तुमच्या जिल्ह्याची. १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता. 'रायगड' शोधणाऱ्या पोराला कुलाबा सापडायचा कसा? त्याला मुंबईतलं कुलाबा माहीत. ते एका भूगोलाच्या मास्तरांना विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं, म्हणून शोधाची यादी बनवताना मी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला फोन करायला लावतो. हे कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही.

नीट शोधलं की १९६१ सालचा मुंडले यांचा 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला लेख सापडतो, विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी होण्याबद्दलचा. म्हणजे बिरवाडीच्या पंधरा वर्षं आधी ही गोष्ट छापून आलेली होती. ती खेड्यातल्या डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचली नव्हती, एवढंच. आज ती त्याच्या खिशातल्या फोनमध्ये असते, आणि तरी पोचत नाही.

गेल्या वर्षी एकानं मला शोधाची सुरेख यादी पाठवली. गप्पा मारणाऱ्या यंत्राकडून करून घेतली होती. त्यात लॅन्सेटमधला एक निबंध होता : लेखक, वर्ष, खंड, पान, सगळं जागच्या जागी. फक्त निबंध अस्तित्वात नव्हता. मी त्याला पान उघडून दाखव म्हटलं. तो दोन दिवस शोधत होता आणि दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला, "सर, त्या पानावर दुसरंच आहे." रागावलो नाही. त्या दोन दिवसांत तो संदर्भ तपासायला शिकला, ते मला दोन वर्षांत शिकवता आलं नव्हतं.

आता वाचायचं कसं, ते एका निबंधावर दाखवतो. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बावस्कर दांपत्याची महाडमधली चाचणी आली. प्रश्न असा की नुसतं प्राझोसिन चांगलं की प्राझोसिनबरोबर विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष. रुग्ण ७०, प्रत्येक गटात ३५, कोण कुठल्या गटात जाईल ते यदृच्छेनं ठरवलेलं. दहा तासांनी पूर्ण बरे झालेले : लस आणि गोळी मिळालेल्यांत ३५ पैकी ३२, नुसती गोळी मिळालेल्यांत ३५ पैकी ८. बरं व्हायला सरासरी लागलेला वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास.

विद्यार्थी इथे थांबतात आणि 'लस श्रेष्ठ' असं लिहून मोकळे होतात. मी म्हणतो, निष्कर्ष झाकून ठेवा, पद्धतीचं पान काढा. चाचणी 'ओपन लेबल' होती, म्हणजे कुणाला काय दिलं ते डॉक्टरला ठाऊक होतं. मग 'पूर्ण बरा' हे ठरवणाऱ्या डोळ्यावर त्याचा परिणाम झाला असेल का? रुग्ण कुठल्या पायरीचे घेतले? घाम, उलट्या, गार हातपाय असलेले. फुप्फुसात पाणी भरलेले नव्हेत. म्हणजे उशिरा आलेल्या रुग्णाबद्दल हा निबंध काय सांगतो? आणि मोजलं काय? बरं होण्याचा वेळ. मृत्यू नव्हे. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं मी चुका काढतोय. नाही. निबंधाला त्यानं दिलेल्या उत्तरापेक्षा जास्त उत्तर चिकटवू नका, इतकंच माझं म्हणणं. ७० म्हणजे कमी नाहीत का, असंही कुणीतरी विचारतंच. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात २००९ साली विंचवाच्याच लसीची चाचणी झाली, ती १५ मुलांवर. लस मिळालेली आठही मुलं चार तासांत बरी, दुसऱ्या गटातल्या सातांतलं एक. प्रश्न नेमका असला आणि फरक ठळक असला तर पंधरा पुरतात. माझे शंभर कशालाच पुरले नव्हते.

वाचून झाल्यावर प्रत्येक निबंधाचं एक पान मराठीत लिहायचं, हा माझ्या वर्गाचा नियम. पहिल्यांदा कुरकुर होते. इंग्रजीत लिहिलं की वाक्यं उचलता येतात. मराठीत समजल्याशिवाय लिहिताच येत नाही. एका मुलानं 'कन्फाउंडर'ला मराठी शब्द विचारला. मी म्हटलं शब्द राहू दे, सांग काय होतं ते. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "श्रेय एकाचं, काम दुसऱ्याचं." मला त्याहून चांगली व्याख्या माहीत नाही.

शेवटी माझ्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगतो. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. हल्ली पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काम करावं लागतं. ती घाटाखालच्या एका दवाखान्यात होती. दर रविवारी रात्री नऊला वर्गाला यायची. रेंज गच्चीवर टाकीजवळ मिळायची, म्हणून तिच्यामागे कायम काळोख आणि रातकिडे. एकदा म्हणाली, "सर, प्रबंधाला विषय द्या." मी म्हटलं, विषय देत नाही. आठवडाभर एकच गोष्ट लिही : विंचू किंवा साप चावलेला माणूस आला की चावल्याची वेळ, आणि दारात आल्याची वेळ.

पुढच्या रविवारी ती वैतागलेली. "सर, वेळ कुणी सांगतच नाही." मग काय सांगतात? तिनं वही वाचून दाखवली. गुरं परत आली तेव्हा. दिवेलागणीला. पहाटेची बांग झाली त्याच्या जरा आधी. कंपनीची पाळी सुटली तेव्हा. मुक्कामाची एसटी आली आणि लगेच. केसपेपरवर या सगळ्यांपुढे आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं : 'संध्याकाळी', 'सकाळी'. माझा प्रबंध डोळ्यांसमोर आला.

तिनं मग जे केलं ते मी शिकवलेलं नाही. एक तक्ता आखला. डावीकडे लोकांचा शब्द, उजवीकडे घड्याळातली वेळ. एसटीची वेळ कंडक्टरला विचारली, पाळीची रखवालदाराला, बांगेची मशिदीत जाऊन. दिवेलागणीला एक वेळ धरता येईना, ऋतूप्रमाणे सरकते. तिथे तिनं मावळतीच्या वेळा लिहिल्या. आणि रुग्णाला एकदा विचारायचं, बरोबर आलेल्याला वेगळं बाहेर नेऊन विचारायचं, दोन्ही उत्तरं दोन रकान्यांत. कित्येकदा ती जुळत नाहीत. सासू सांगते दिवेलागण, सून सांगते त्याच्या बरीच आधी. कारण मधल्या वेळात घरात विंचू उतरवून पाहिलेला असतो आणि ते डॉक्टरीणबाईंना सांगायचं नसतं. वेळेचा रकाना भरता भरता हा नवा प्रश्न तिच्या हाती आला. आता तो तिच्या प्रबंधाचा विषय आहे. नीतिसमितीची मान्यता झाली आहे. रात्री दोन वाजता घामाघूम पोराच्या बापाकडून संमती कशी घ्यायची, यावर आमचे दोन रविवार गेले, आणि अजून माझं पूर्ण समाधान झालेलं नाही.

परवा इकडे निघायच्या आदल्या रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "सर, तक्ता बिघडला. मुक्कामाची गाडी आता अर्धा तास उशिरा येते. वेळापत्रक बदललंय."

"मग?"

"एक रकाना वाढवला. कुठल्या तारखेपासून कुठली वेळ धरायची, तो. पण आधीच्या अकरा नोंदी कुठल्या वेळेच्या आहेत, ते बघायला उद्या डेपोत जातेय."